शेवटच्या कडव्यापर्यंत : गाण्यातली गोष्ट ऐकताना

(हिंगणी, ता. सेलू, जि. वर्धा इथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



बाहेरची माणसं हिंगणी ओळखतात ती बहुतेक बोरधरणाच्या रस्त्यामुळं. जंगल बघायला निघालेली गाडी इथूनच पुढं जाते. २०१४ साली बोर व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून तर जास्तच. त्या जंगलात शिरल्यावर वाटाड्या पहिली सूचना काय देतो? बोलू नका, ऐका. वाघ दिसायच्या आधी त्याची बातमी कानावर येते. कुठंतरी वानर ओरडतं, चितळ ओरडतं. तेव्हा अख्खी गाडी श्वास धरून बसते. आम्हीही बसलोय. आणि परत येताना त्याच गाडीत गाणी लावली, तर एकाही गाण्यात काय चाललंय हे आम्हाला सांगता आलं नसतं. जे कान आपण वाघाला देतो ते गाण्याला देत नाही, अशी आमची स्वतःविरुद्धची तक्रार आहे. आज तिच्यावरच बोलायचं आहे.

'आम्ही' म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. संस्था वगैरे काही नाही. आम्ही चार-सहा जण अधूनमधून एकत्र बसतो, एक गाणं लावतो, ते संपेपर्यंत कोणी बोलत नाही, आणि मग त्यावर वाद घालतो. आमच्यात गाणारं कोणी नाही. रागाचं नाव निम्म्या वेळा चुकतं. तेव्हा संगीतशास्त्र आमच्याकडून अपेक्षू नका. जे गाणं गोष्ट सांगतं, ते ऐकायचं कसं, एवढंच बघू.

सुरुवात तुमच्याच अंगणातून करू. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या भागात भुलाबाई बसते. भुलाबाई, भुलोजी आणि गणेश. पोरी टिपऱ्या घेऊन जमतात, या घरून त्या घरी जातात, गाणी म्हणतात. शेवटी खाऊ ओळखायचा. घरची बाई डबा हलवून दाखवते आणि पोरी आवाजावरून सांगतात. खुळखुळलं तर फुटाणे, दबका आवाज आला तर लाडू, काहीच वाजलं नाही तर शिरा किंवा केळी. ज्या पोरींनी आत्ता तासभर आरडाओरडा केला, त्या एका क्षणात चिडीचूप होतात. ऐकण्याचं इतकं सोपं आणि इतकं पक्कं शिक्षण दुसरीकडं कुठं मिळत असेल असं आम्हाला वाटत नाही.

आता त्या गाण्यांकडं बघा. कारल्याच्या वेलाचं गाणं इथल्या प्रत्येक बाईला पाठ असेल. सून सासूला विचारते, माहेरी जाऊ का? सासू म्हणते, कारल्याचं बी पेर, मग जा. बी पेरलं. आता जाऊ? कोंब येऊ दे. वेल चढू दे. फूल येऊ दे. कारलं लागू दे. भाजी कर. जेवून घे. उष्टं काढ. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, तेच उत्तर, फक्त मधलं एक काम बदललेलं.

नुसती गोष्ट सांगायची तर ती एका वाक्यात संपते : सासूनं सुनेला माहेरी जायला अडवलं. मग गाणं एवढं लांब कशाला? तर ती लांबीच गोष्ट आहे. ऐकणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्या फेरीला कंटाळा येतो. 'आता जाऊ द्या ना तिला' असं वाटायला लागतं. तो कंटाळा सुनेचा आहे, आणि गाणं तो तिच्याकडून काढून तुमच्या अंगावर घालतं. बी पेरण्यापासून कारलं लागेपर्यंत किती दिवस जातात, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. पालुपद दर वेळी शब्दाला शब्द तेच आहे, पण पहिल्यांदा ती परवानगी वाटते, चौथ्यांदा सबब वाटते आणि आठव्यांदा त्याला क्रूरपणा म्हणावंसं वाटतं. शब्द बदललेले नाहीत. मधल्या वेळात बदललो ते आपण.

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. गोष्ट सांगणाऱ्या गाण्यात पालुपद तेच राहतं आणि त्याचा अर्थ चालत राहतो. तो अर्थ कुठं पोचला हे फक्त शेवटच्या कडव्यापर्यंत बसलेल्या माणसाला कळतं. मधूनच उठलात, तर गोष्ट गळते आणि हातात एक सुभाषित उरतं.

हे म्हणणं आता एका मोठ्या कामावर तपासून बघू. १९५५ साल घ्या. तेव्हा आपला वर्धा जिल्हा महाराष्ट्रात नव्हता, मध्य प्रदेशात होता. पुढच्या वर्षी १ नोव्हेंबरला तो द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. त्या १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुण्याच्या आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचं, आणि मूळ कल्पना सीताकांत लाड यांची. दर शुक्रवारी सकाळी एक नवं गीत, शनिवारी-रविवारी तेच पुन्हा. वर्षाची ५२ गीतं व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून चार वाढली. अशी ५६ गीतं झाली आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला मालिका संपली.

ही सगळी माहिती तुम्हाला असेलही. आम्हाला लक्ष वेधायचं आहे ते पहिल्या गीताकडं. रामायणाची गोष्ट सांगायची तर कुठून सुरू करतात? अयोध्येपासून, दशरथाला मूल नाही तिथपासून. माडगूळकर तसं करत नाहीत. ते सुरुवात करतात गोष्ट घडून गेल्यानंतर. कुश आणि लव रामाच्या समोर रामायण गातायत आणि राम ऐकतोय. म्हणजे पडदा उघडल्यावर आपल्याला पहिल्यांदा दिसतो तो श्रोता! भूपासारखा सरळ, सकाळचा वाटावा असा राग, आणि समोर एक माणूस स्वतःचीच गोष्ट परक्यासारखी ऐकत बसलेला.

शेवटच्या कडव्यात राम आसन सोडून उठतो आणि त्या मुलांना कवटाळतो. पण ही भेट बापलेकांची आहे, हे त्यांना ठाऊक नाही. मग ते कोणाला ठाऊक आहे? तुम्हा-आम्हाला. गाणाऱ्यांना माहीत नाही ते ऐकणाऱ्याच्या हातात ठेवून कवी बाजूला होतो. त्या शुक्रवारी रेडिओसमोर बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एक काम मिळालं. हे ओझं सांभाळ, पुढच्या सगळ्या गीतांत ते लागणार आहे. आता विचार करा, हे गीत आपण रामनवमीला कर्ण्यावर लावतो आणि मंडपाच्या दोऱ्या ताणतो. दोन कडवी झाली की कोणीतरी येऊन 'हॅलो, हॅलो' करतं. शेवटचं कडवं आम्ही स्वतः चाळिशीपर्यंत नीट ऐकलेलं नव्हतं. सूर पाठ होता, गोष्ट माहीत नव्हती.

दुसरं उदाहरण चित्रकूटावरचं. भरत रामाला परत न्यायला आला आहे आणि राम त्याला समजावतोय. मराठी घरात हे गीत ओळखणार नाही असा माणूस विरळा. यमनकल्याणाचं अंग, अंतऱ्यांची चाल फारशी न बदलणारी, आणि दर कडव्याशेवटी पालुपद परत येतं, की माणसाच्या हातात काही नसतं. दहाएक कडवी आहेत. आम्ही एकदा कागद घेऊन बसलो आणि प्रत्येक कडव्यानंतर पालुपद काय काम करतं ते लिहीत गेलो.

पहिल्यांदा राम म्हणतो, दोष आईचा नाही, वडलांचाही नाही. तिथं पालुपद म्हणजे क्षमा आहे. मग उत्कर्ष आणि ऱ्हास, भेट आणि ताटातूट, जन्म आणि मरण येतात. तिथं ते तत्त्वज्ञान होतं. समुद्रात दोन ओंडके एकत्र येतात आणि लाट त्यांना वेगळं करते, ही उपमा थेट वाल्मीकींच्या अयोध्याकांडातली. तिथं ते सांत्वन होतं. बहुतेक कार्यक्रमांत गाणं इथं थांबतं. शोकसभेत तर हमखास इथंच.

पण गीत तिथं थांबत नाही. पुढं राम म्हणतो, मला आग्रह करू नकोस. चौदा वर्षं पुरी झाल्याशिवाय मी येणार नाही. तू राज्य सांभाळ. आणि पुन्हा कोणी इथं येऊ नका. मग तेच पालुपद येतं, आणि आता ते कोणाबद्दल आहे? इतका वेळ राम जगाबद्दल बोलत होता, आता तो स्वतःबद्दल बोलतोय. ज्याला परत जाता येत नाही असा एक माणूस धाकट्या भावाला सांगतोय की माझ्याही हातात काही नाही. ते ऐकल्यावर मागची सगळी कडवी वेगळी वाटायला लागतात. तो भरताला समजावत होता की स्वतःला? आमच्यात यावर एकमत झालेलं नाही. वाद घालायला जागा आहे, आणि ती जागा शेवटच्या तीन कडव्यांनी तयार केली आहे. ती कापली की उरतो तो चांगल्या विचारांचा संग्रह. कोणाच्याही मरणाला लावता येईल असा. राम नाही, भरत नाही, चित्रकूट नाही.

आणखी एक गोष्ट कागद घेऊन बसल्यावर कळली. या गीतात भरत एक अक्षर बोलत नाही. त्याचे प्रश्न, त्याचं रडणं, हट्ट, सगळं रामाच्या उत्तरांवरून आपण ओळखायचं. आपल्या शेजारी कोणी फोनवर बोलत असतं तेव्हा पलीकडचं माणूस काय म्हणालं हे आपण जुळवत जातो ना, तसं. गीतरामायणात हे पुष्कळ ठिकाणी आहे. भरत कैकेयीवर संतापतो तेव्हा कैकेयी गप्प असते. तिचा चेहरा कसा झाला असेल हे संगीतात नाही, शब्दांत नाही, ते ऐकणाऱ्यावर सोपवलं आहे.

आता इथं आमची तक्रारही आहे, ती लपवणार नाही. ऐकणाऱ्यावर सोपवणं वेगळं आणि बोलूच न देणं वेगळं. ५६ गीतांत ऊर्मिलेला आवाज नाही. जिनं चौदा वर्षं वाट बघितली तिच्यासाठी एक शुक्रवार निघाला नाही. भुलाबाईच्या पोरींना हे पटणार नाही, कारण त्यांच्या गाण्यात थांबवलेलीच बाई बोलते. दुसरी तक्रार भाषेची. कौसल्या बोलो, शूर्पणखा बोलो नाहीतर गुहाचे नावाडी बोलोत, शब्दांची घडण एकाच कारागिराची, एकाच उंचीची. माणसं वेगळी कळतात ती बरीचशी चालीमुळं. नावाड्यांच्या गाण्यात वल्ह्याची लय आहे म्हणून ते नावाडी. तिथं फडक्यांनी माडगूळकरांना सांभाळून घेतलंय, असं आमचं मत. कोणाला पटणार नाही, प्रश्नांच्या वेळी जरूर बोला.

तिसरी मर्यादा रेडिओची. रेडिओपुढं बसलेला माणूस ऐकतो, पण उत्तर देऊ शकत नाही. आपल्या परंपरेत श्रोता असा मुका नव्हता. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या तोंडालाच श्रोत्यांकडं मागणं केलंय, आणि मागितलं काय? अवधान. लक्ष देऊन ऐकणं याला आपल्याकडं सातशे वर्षांपासून हा शब्द आहे. गीतरामायण सुरू झालं त्याच १९५५ साली, डिसेंबरात, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' प्रसिद्ध झाली. ४१ अध्याय. त्यातही श्रोता मधेमधे प्रश्न विचारतो आणि त्या प्रश्नावर पुढचं सांगणं उभं राहतं. पोथी लिहितानासुद्धा समोर माणूस बसलाय आणि तो शंका काढणार, हे धरलेलं आहे. महाराजांची खंजिरी ऐकलेली मंडळी इथं कदाचित असतीलही.

आणि गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले. त्याआधीच्या महिन्यात मुंबईला वांद्र्यात त्यांचं कीर्तन झालं, त्याचं ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळतं. ते एकदा पूर्ण ऐका. नारदीय कीर्तनाची बांधणी तुम्हाला माहीत आहे. आधी पूर्वरंग, त्यात अभंगाचं निरूपण, मग उत्तररंगात आख्यान. बाबांनी ती चौकट मोडून ठेवली. ते प्रश्न विचारतात, लोक उत्तर देतात. उत्तर मनासारखं खणखणीत आलं नाही तर पुन्हा विचारतात. मधेच गजर उचलतात, जमाव तो धरतो, आणि गजर संपला की त्याच प्रश्नावर परत येतात. पहिल्या उत्तरात आणि गजरानंतरच्या उत्तरात फरक आहे. पहिलं उत्तर सवयीचं असतं. दुसरं देताना माणसं क्षणभर थांबतात. तो थांबा त्या मुद्रणात ऐकू येतो. आम्ही सात-आठ वेळा मागं घेऊन ऐकला. इथंही तेच, बघा. गजर तोच, पण मधे काहीतरी घडून गेलेलं.

आता परत एकदा गीतरामायणाकडं, त्याच्या शेवटाकडं. शेवटच्या, भैरवीतल्या गीतात वाल्मीकी कुश-लवांना अयोध्येला पाठवतायत. जा, रामायण गा, पण धन घेऊ नका. हे घडतं पहिल्या गीताच्या आधी! म्हणजे वर्षभरानं श्रोता जिथं पोचतो तिथून मुलं निघतात आणि पहिल्या गीतात रामासमोर उभी राहतात. शेवटचं ऐकलं की पहिलं पुन्हा ऐकावं लागतं. ज्यानं वर्षभर शुक्रवार पाळले त्यालाच हा वेढा पुरा झालेला कळला.

मूळ रामायणाच्या उत्तरकांडात वाल्मीकी मुलांना आणखी एक सूचना देतात. दिवसाला २० सर्ग गा. ऋषीनं श्रोत्याच्या कानाची ताकद मोजलेली दिसते! लाड-माडगूळकर-फडक्यांनी ती आठवड्याला एक गीत अशी मोजली. तीन दिवस तेच ऐका, मग चार दिवस वाट बघा. वाट बघताना घरात बोलणं व्हायचं, पुण्याची वर्तमानपत्रं गीताचे शब्द छापायची, लोक ते वाचायचे. तो मधला वेळ फुकट जात नव्हता, त्यात गोष्ट मुरत होती. आज मोबाईलवर ५६ च्या ५६ एका ओळीत लागतात. चित्रकूट संपायच्या आत पुढचं सुरू. यात तंत्राला नावं ठेवायची नाहीत. त्याच मोबाईलमुळं आम्ही बाबांचं कीर्तन मागं घेऊन घेऊन ऐकू शकलो. प्रश्न आपण थांबतो का एवढाच आहे.

मागं एका गावी भुलाबाईच्या गाण्यांची स्पर्धा ऐकायचा योग आला. गावाचं, मंडळाचं नाव घेत नाही. हेतू चांगलाच होता. पण प्रत्येक गटाला तीन मिनिटं. एका गटानं कारल्याच्या वेलाचं गाणं घेतलं. बी पेरलं, वेल चढला, आणि एकदम सूनबाई माहेरी निघाली. मधलं सगळं गाळलेलं. पोरी छान नटलेल्या, ताल पक्का, टाळ्याही पडल्या. आमच्या शेजारी एक म्हातारी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "एवढ्या लवकर कोन जाऊ देते बावा!"

मंडळी, एवढ्या भाषणात आम्ही जे सांगायला धडपडतोय ते त्या बाईंनी एका वाक्यात सांगितलं. त्या गाणं मोजत नव्हत्या, सुनेबरोबर थांबल्या होत्या. फेऱ्या गाळल्या की सासू चांगली होते आणि गोष्ट खोटी होते. त्या आजींच्या पिढीनं जो थांबा खरोखर सोसला, त्याची एवढी एकच नोंद अनेक घरांत आहे, आणि ती आपण तीन मिनिटांत बसवायला निघालो आहोत. एखाद्या जुन्या दस्तऐवजाची मधली पानं कोणी फाडली तर आपण ओरडू. इथं आपण टाळ्या वाजवतो.

मग करायचं काय? आम्ही करतो ते सांगतो, जमलं तर बघा. एक गाणं घ्यायचं, पूर्ण. ऐकताना तीन प्रश्न मनात ठेवायचे. बोलतंय कोण? कोणाशी? आणि गप्प कोण आहे? मग पालुपद आलं की स्वतःला विचारायचं, मागच्या वेळी आलं होतं तेव्हापासून काय बदललं? बस. राग ओळखता आला तर आनंदच, नाही आला तरी अडत नाही. आणि एक विनंती इथल्या बायांना. पुढच्या भाद्रपदात घरच्या मोठ्या बाईकडून एक गाणं पूर्ण म्हणून घ्या. कितीही फेऱ्या होऊ द्या, मधे 'पुढचं, पुढचं' म्हणू नका. मोबाईलवर टिपून ठेवा. तिचा दम लागला, ती थांबली, काही आठवेना म्हणून पुन्हा मागून सुरू केलं, तर तेही राहू द्या.

गाणी झाली की डबा हलवून खाऊ ओळखायचाच आहे. त्या वेळी सगळ्या जशा गप्प होतात, तशा या वेळी एक गाणं आधी व्हा.

आता आम्ही थांबतो. तुमचे प्रश्न येऊ द्या. ऊर्मिलेपासून सुरुवात केली तरी चालेल.